गुंठा आणि पिक्सेल

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद भरतो. क्षेत्रफळ 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरांचा. खेड्यातल्या शिक्षकांना उपग्रह-नकाशे शिकवायचे तर सुरुवात इथूनच करावी, असं मला ठामपणे वाटतं. कारण गुंठा शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

साधनं महाग नाहीत. नकाशे करण्याची क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली 2002 पासून मोफत विकसित होते आहे. इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ 2009 मध्ये आलं, आणि शाळांसाठी ‘स्कूल भुवन’ही आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था 2007 पासून दूरस्थ अभ्यासक्रम चालवते.

पण प्रशिक्षणाचा वेळ कोणतं बटण कुठे आहे हे दाखवण्यात गेला, तर शिक्षकांच्या हाती फार काही लागत नाही. खरा अभ्यास शिवारात आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. त्या फरकावरून उपग्रह हिरवळ ओळखतो. मे महिन्यात ओढ्याकाठी हिरवा पट्टा दिसला, तर तो ऊस, वेडी बाभूळ की डोहात माजलेली जलपर्णी? नुसत्या हिरवेपणावरून हे ठरत नाही. तिथं जाऊन पाहावं लागतं, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपावे लागतात. झाडाखाली जागा काही मीटरनं चुकते, म्हणून उघड्यावर थोडं थांबून नोंद घ्यायची. परिसर अभ्यासातला ‘परिसर’ तेव्हा खराखुरा हाती येतो.

विहिरींचा नकाशा तर प्रत्येक शाळेनं करावा. पावसाळ्याआधी आणि नंतर, मोठ्यांच्या देखरेखीखाली, दोरीला वजन बांधून काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजायचं. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या खडकात साठतं, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींची पातळीही वेगळी निघते. असे वीस-पंचवीस आकडे नकाशावर मांडले की ओढ्याच्या कोणत्या अंगाला पाणी मुरलं याचा अंदाज बांधता येतो, आणि ग्रामसभेत बोलायला मुद्दा मिळतो.

एक व्यवस्था मात्र आधीच लावायला हवी. शिक्षकांची बदली होते. नोंदी त्यांच्या मोबाइलमध्येच राहिल्या, तर पुढच्या वर्षीची तुलना बुडते. म्हणून प्रत्येक मोसमाची फाइल शाळेच्या संगणकावर ठेवावी आणि तेच आकडे एका जाड वहीत उतरवून ठेवावेत.