रूम स्प्रे घरी बनवताय? आधी बाटलीतलं पाणी बघा



रूम स्प्रेचा विषय काढला की लातूर असो नाहीतर नांदेड, पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, स्पिरिट पेट घेईल का?" प्रश्न बरोबर आहे, त्याच्याकडे येतेच. पण "पाणी कुठलं घेऊ?" हे फार थोडे जण विचारतात. आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

2021 साली अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांतल्या चार जणांना एकच दुर्मीळ आजार झाला. दोघे दगावले, त्यात एक लहान मूल होतं. शोध घेता घेता एका रुग्णाच्या घरातल्या लव्हेंडर-कॅमोमाइल रूम स्प्रेच्या बाटलीत तो जंतू सापडला. बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय त्याचं नाव. आपल्यासारख्या उष्ण देशांत तो माती-पाण्यात राहतो. ऑक्टोबरमध्ये सुमारे 3,900 बाटल्या बाजारातून परत मागवल्या गेल्या. तो स्प्रे बनला होता भारतात, तोही कारखान्यात. मग आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किती काळजी घ्यायला हवी, तुम्हीच बघा.

घाबरवायला सांगत नाहीये. पण स्प्रे म्हणजे काय? बाटलीत जे आहे ते बारीक थेंब होऊन हवेत जातं आणि गिऱ्हाइकाच्या घरातली पोरंबाळं, म्हातारी माणसं ते श्वासातून आत घेतात. साबण धुऊन जातो. हे जात नाही.

माझी स्वतःची पहिली बॅच बोअरच्या पाण्यातली होती. तीन आठवड्यांत बाटल्या गढूळ झाल्या, तळाशी शेवाळासारखे धागे दिसायला लागले. वर क्षारांनी नोझल तुंबलं ते वेगळंच. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं आपलं लातूर. टाकी, पिंप, घागर भरून ठेवायची आपल्याला सवयच आहे. पण ते साठवणीचं पाणी स्प्रेला चालत नाही. जारचं आरओ पाणीही नको. बॅटरीच्या दुकानात मिळतं त्यातले क्षार काढलेले असतात, जंतू काढलेले असतीलच असं नाही. डिस्टिल्ड वॉटर घ्या, स्टीलच्या भांड्यात दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकण ठेवून गार करा आणि त्याच दिवशी वापरा.

आता माप. 100 ग्रॅमच्या बॅचला मी असं घेते: फ्रेग्रन्स ऑइल 3 ग्रॅम, पॉलिसॉर्बेट 20 हे 12 ग्रॅम, पाणी 84 ग्रॅम, प्रिझर्व्हेटिव्ह 1 ग्रॅम. थेंब मोजू नका, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी तेल आणि पॉलिसॉर्बेट एकत्र ढवळायचं, पारदर्शक झालं की मग थोडं थोडं पाणी. उलटं केलंत तर तेल वर तरंगणार. मग "वापरण्यापूर्वी हलवा" असं लिहून भागवतात, पण गिऱ्हाईक हलवत नाही. शेवटच्या चार फवाऱ्यांत निव्वळ तेल येतं, फरशीवर डाग पडतो, कोणी घसरतं. दोन दिवस बाटली ठेवून बघा. धुरकट दिसली तर पॉलिसॉर्बेट थोडं वाढवा, प्रत्येक सुगंधाला प्रमाण वेगळं लागतं.

प्रिझर्व्हेटिव्ह वगळायचा मोह होतो, कारण "नॅचरल" लिहिता येतं. वगळू नका. पाणी असलेल्या बाटलीत त्याच्याशिवाय जंतू वाढतातच. कुठलं आणि किती, हे सप्लायरच्या टेक्निकल शीटमध्ये असतं. ते फक्त पाण्यासाठीच आहे की तेलालाही चालतं, पॉलिसॉर्बेटबरोबर काम करतं का, हे विचारूनच घ्या.

तेलाचंही तसंच. अगरबत्तीचं सेंट स्वस्त मिळतं म्हणून तेच ओतू नका, ते जळायला बनवलेलं असतं. सप्लायरकडे सेफ्टी डेटा शीट आणि इफ्राचं सर्टिफिकेट मागा. त्यात घरगुती स्प्रेची कॅटेगरी 10बी बघा, तिथे जास्तीत जास्त टक्का दिलेला असतो. आपला 3 टक्का त्याच्या आत बसला पाहिजे. कागद देत नसेल तर दुसरा सप्लायर गाठा.

आता स्पिरिट. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ 12 अंशांलाच पेट घेण्याजोगी होते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत शेजारच्या गॅसपर्यंत जाते. डिनेचर्ड स्पिरिट घ्यायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियमही आले. जिल्ह्याच्या कार्यालयात आधी विचारा. पोस्टाने ज्वालाग्राही माल पाठवता येत नाही. म्हणून सुरुवात करणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं, पाण्याचाच स्प्रे करा. आणि तोसुद्धा समईवर, उदबत्तीवर फवारायचा नाही.

लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन, हे लागतंच. वजनमापे कार्यालयात पॅकरची नोंदणी करा. बॅच नंबरही टाका. बाळ, दम्याचा रुग्ण, मांजर किंवा पक्षी असलेल्या खोलीत जपून वापरा, हेही लिहा.

आणि उत्साहात शब्द वाढवू नका. "डास पळतात" लिहिलं की 1968 चा कीटकनाशक कायदा लागला. "जंतू मरतात" लिहिलं की औषध प्रशासन. "अंगालाही चालतं" म्हणालात की ते सौंदर्यप्रसाधन झालं, त्याला वेगळा परवाना. मोगऱ्याचा रूम स्प्रे म्हणजे मोगऱ्याचा रूम स्प्रे, बस्स.

पहिली विक्री करण्याआधी प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या बाजूला काढा. एक कपाटात, एक खिडकीच्या उन्हात. दर रविवारी रंग, वास, गढूळपणा वहीत लिहा. उन्हातली महिन्याच्या आत बदलली तर ती बॅच विकायची नाही, कितीही ऑर्डर हातात असली तरी.