मद्रासच्या आकाशात सापडला 'आशिया'

'दोन चित्रांतले फरक ओळखा' हे कोडं तुम्ही सोडवलंच असेल. नॉर्मन पॉगसन नावाचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हेच कोडं रात्रभर जागून सोडवायचा. त्याचं एक चित्र कागदावर असायचं आणि दुसरं थेट आकाशात!

१८६१ साली पॉगसन मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, वेधशाळेत आला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरतात. तेच लघुग्रह. दुर्बिणीतून बघितलं तर तेही ताऱ्यांसारखे नुसते ठिपके दिसतात. मग ओळखायचे कसे? तारे आपली जागा सोडत नाहीत. लघुग्रह मात्र रोज थोडा थोडा सरकतो. फोटो काढून लघुग्रह शोधायची युक्ती १८९१ साली आली. तोवर सगळी भिस्त डोळ्यांवर! ताऱ्यांचा नकाशा समोर ठेवायचा आणि एकेक ठिपका ताडून पाहायचा. जास्तीचा ठिपका दिसला, तरी लगेच उड्या मारायच्या नाहीत. नकाशा काढणाऱ्याच्या नजरेतूनच एखादा तारा निसटला असेल तर? पुढच्या रात्री पुन्हा बघायचं, ठिपका हलला का ते. आणि नेमके ढग आले, तर बसा वाट बघत!

१७ एप्रिल १८६१ रोजी पॉगसनला असा एक चुकार ठिपका गवसला. तो ६७ व्या क्रमांकाचा लघुग्रह ठरला. आधीचे सगळे युरोप-अमेरिकेतून सापडलेले. आपल्या खंडातून सापडलेला हा पहिलाच. म्हणून त्याचं नाव 'आशिया'. त्या काळी लघुग्रहांना बहुधा ग्रीक-रोमन देवतांची नावं देत. ग्रीक पुराणात आशिया नावाची देवताही आहे, त्यामुळे रीतही पाळली गेली!

हा खडक साधारण ६० किलोमीटर रुंद आहे. सूर्यापासून सरासरी ३६ कोटी किलोमीटरवर. एक फेरी पुरी करायला त्याला पावणेचार वर्षं लागतात. वर्गात हे सांगितलं, तेव्हा मुलांनी लगेच हिशेब मांडला : तिथे अकरा वर्षांच्या मुलाचे तीन वाढदिवससुद्धा झाले नसते. मुलं फार हळहळली!

त्याआधी, १८५६ साली, पॉगसनने इंग्लंडमधून एक लघुग्रह शोधला होता. त्याचं नाव 'आयसिस'. ही इजिप्तची देवी, पण पॉगसनच्या छोट्या मुलीचं नावही आयसिसच. ती मोठी झाली आणि १८७३ पासून मद्रासच्या त्याच वेधशाळेत वडिलांची सहायक म्हणून काम करू लागली.