पानापासून पाइपपर्यंत (५) : आधी दाब की आधी सुरी?

मागच्या भागात पाने सुकवण्याच्या तऱ्हा पाहिल्या. सुकलेले, शीर काढलेले पान आता दाबयंत्राकडे जाते. पाइपच्या तंबाखूच्या डब्यांवर प्लग, फ्लेक, केक, ट्विस्ट अशी नावे असतात आणि नवखा माणूस त्यांना पानांच्या जाती समजतो. पण व्हर्जिनियाचे पान या चारही रूपांत मिळते. खरा फरक क्रमाचा आहे.

अखंड पाने थरावर थर रचून, ओल आणि ऊब देऊन जबर दाबाखाली ठेवली की त्यांचा घट्ट ठोकळा होतो. तो प्लग. दाबाने नुसता आकार येतो असे नाही. व्हर्जिनियाच्या पानात साखर भरपूर. ऊब आणि दाब मिळाला की पिवळे पान तांबूस, मग तपकिरी होत जाते. त्याचा तिखटपणा निवतो आणि मिश्रण असेल तर निरनिराळ्या पानांचे वास एकमेकांत मुरतात. घट्टपणामुळे तो जळतोही सावकाश.

हाच ठोकळा कारखान्यात पातळ कापला की फ्लेक. कापाच्या कडेवर थरांच्या फिकट-गडद रेघा दिसतात. ब्रिस्टलच्या विल्सचा कॅप्स्टन, जो आपल्याकडे सिगारेटमुळे ठाऊक आहे, तो पाइपसाठी असाच कापांत मिळे. काप घडी घालून भरावा की तळहातावर चोळून मोकळा करावा, यावर शौकीन हिरिरीने भांडतात. घडीचा काप उशिरा पेटतो, पण संथ जळतो. चोळलेला चटकन पेट घेतो आणि घाईने ओढला तर जीभ पोळते. प्लग मात्र ओढणाऱ्यानेच चाकूने कापायचा, हवा तसा जाड किंवा बारीक. माझ्या मते सर्वांत मोकळीक देणारा प्रकार हाच. (आरोग्याचा हिशेब पहिल्या भागात मांडला आहे, कापाच्या जाडीने तो बदलत नाही.)

क्रम्बल केकमध्ये क्रम उलटा: पाने आधी चिरायची, मिसळायची आणि मग साच्यात दाबायची. म्हणून तो राजगिऱ्याच्या वडीसारखा बोटांनी सुटतो. चाकू लागत नाही.

ट्विस्ट म्हणजे दोर. पानांचे सारण लांब पानात गुंडाळून त्याला पीळ देतात. इंग्लंडच्या उत्तरेकडील केंडल गाव यासाठी प्रसिद्ध. तिथल्या सॅम्युअल गॉविथची सुरुवात १७९२ ची. काळा दोर कडक असतो. सवय नसलेल्याचे डोके दोनचार झुरक्यांतच गरगरते. पीळ दिलेला तंबाखू आडवा कापला की गोल चकत्या पडतात. एस्कुडो आणि थ्री नन्स यांची ओळख याच चकत्यांची. एस्कुडोत व्हर्जिनियाच्या सोबतीला पेरिक असतो. तो लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात, पिंपात दाबून आपल्याच रसात आंबवलेला. त्या पिंपांकडे पुढच्या आठवड्यात वळू.