रिकामे ताट

आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आयुष्य काढलेल्या आमच्या अब्बांना भाताशिवाय जेवण म्हणजे जेवण वाटत नाही. जिल्हा धानाचा, माणूसही भाताचा. गेल्या थंडीत छातीचा त्रास झाला आणि त्यांना एका मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस राहावे लागले. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते ताटाबद्दल.

ताट रोज रिकामे परत जाई. सिस्टरही खूश, आम्हीही निर्धास्त. आठव्या दिवशी वजन केले तर अडीच किलो कमी! मग उलगडा झाला. अब्बा चार घास घेत आणि उरलेले सोबतीला राहिलेल्या माझ्या मुलाला देत. विचारले तर म्हणाले, "बच्चा भूखा बैठा है, मेरे हलक से कैसे उतरेगा?"

कारण एवढेच नव्हते. कवळी घाईत घरीच राहिली होती, त्यामुळे पोळी चावत नव्हती. सलाइन उजव्या हाताला आणि ताटही त्याच बाजूच्या लॉकरवर. संध्याकाळचे जेवण सहाला येई. अब्बा इशानंतर जेवणारे. शेजारच्या पलंगावर ऐन जेवणाच्या वेळी भांडे लावले जाई. जन्मभर दस्तरखानावर पाच-सहा माणसांत बसलेला माणूस तिथे भिंतीकडे तोंड करून एकटा जेवत होता. यातले एकही त्यांनी सांगितले नाही. या पिढीला मागणे म्हणजे ओझे होणे वाटते.

वय वाढते तशी चव आणि वास मंदावतो, तहान कमी लागते, तोंड कोरडे पडते. काही औषधांनीही चव बिघडते. त्यात आजारपणात पोट रिकामे राहिले की स्नायू झपाट्याने झिजतात, पाय लटपटतात, जखम लवकर भरत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात हेच बजावले होते: समोर अन्न असूनही रोगी उपाशी राहतात, कारण ते त्यांच्या पोटात कसे जाईल हे कोणी पाहत नाही. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत ज्याला जेवताना मदत लागते त्याला लाल ट्रे देतात, म्हणजे कर्मचाऱ्यांना लांबूनच कळते. आपल्याकडे तो लाल ट्रे म्हणजे घरचा माणूस.

आम्ही काय केले? आधी कवळी आणि चष्मा आणवला. डॉक्टरांना पथ्य विचारून घरून मऊ खिचडी नेली. जवाची तलबीना केली, हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये ती आजाऱ्याच्या मनाला दिलासा देणारी म्हटली आहे. साखरेच्या रुग्णाला मात्र मध घालण्याआधी विचारावे. आडवे झोपवून घास भरवू नये, आणि लकवा झालेल्याला गिळता येते की नाही हे डॉक्टरांकडूनच जाणून घ्यावे.

मुलाच्या जेवणाची सोय वेगळी केली. 2020 पासूनच्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांत थाळी मिळते. दवाखान्याजवळ केंद्र चालू असेल तर सोबत्याने तिथे जेवून यावे, आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगावे. मी शाळा सुटल्यावर माझा डबा घेऊन जाई आणि पलंगावर कापड अंथरून अब्बांबरोबर जेवे. बोलता बोलता वाटीभर भात संपे.

दहाव्या दिवशी त्यांनी लोणचे मागितले. मिठाची मनाई होती, दिले नाही. अब्बा रागावले. दहा दिवसांत जेवणावरून पहिल्यांदाच.