ऑफ-रोड वाहनाचा मागील ॲक्सल

ऑफ-रोड वाहनाचा मागील ॲक्सल म्हणजे खडकाळ, चिखलाच्या किंवा तीव्र चढाच्या वाटांवर चालवण्यासाठी बांधलेल्या वाहनात इंजिनाची शक्ती मागील दोन्ही चाकांपर्यंत पोहोचवणारा आणि वाहनाच्या मागील भागाचे वजन पेलणारा अखंड जोड होय. अशा वाहनाला मोठे टायर, कमी वेगाचे गिअर आणि लॉकर बसवले की मूळ ॲक्सलवर त्याच्या रचनेपेक्षा अधिक ताण येतो. त्यामुळे अधिक मजबूत ॲक्सल निवडून बसवणे हा अशा वाहनबांधणीतील एक खर्चिक, पण सुरक्षिततेशी थेट संबंध असलेला टप्पा ठरतो. या प्रकारच्या बांधणीची परंपरा मुख्यतः अमेरिकेत विकसित झाली. तेथे जुन्या मोटारींच्या भंगार आवारातून ॲक्सल काढून जीपसारख्या वाहनांना बसवण्याची पद्धत रूढ आहे. या लेखातील बहुतेक उदाहरणे तेथील आहेत.

ताण कोठून येतो

चाकांपर्यंत पोहोचणारे पीळबल (टॉर्क) हे इंजिनाचे पीळबल आणि वाटेतील प्रत्येक गिअर गुणोत्तर यांचा गुणाकार असते. इंजिन ३०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४.०, ट्रान्स्फर केसचा लो रेंज २.७२ आणि ॲक्सलचे गुणोत्तर ३.७३ असल्यास, घर्षणातील घट वगळता, चाकांकडे सुमारे १२,१७५ न्यूटन-मीटर पीळबल उपलब्ध होते. एवढे बल प्रत्यक्षात क्वचितच वापरले जाते, कारण त्याआधीच चाक घसरते. एका चाकावर ८०० किलोग्रॅम भार आणि घर्षणगुणांक ०.९ धरला, तर ३१ इंची टायर सुमारे २,७८० न्यूटन-मीटर पीळबलाला घसरतो, तर ३७ इंची टायर सुमारे ३,३२० न्यूटन-मीटरला. घसरणारे चाक हे एका अर्थाने ॲक्सलचे फ्यूज असते. टायर मोठा केला की हे फ्यूज सुमारे एकोणीस टक्क्यांनी जड होते, शाफ्ट मात्र पूर्वीचाच राहतो.

हा हिशेब चाक मोकळेपणाने घसरू शकते असे गृहीत धरतो. दोन खडकांच्या फटीत अडकलेले चाक घसरू शकत नाही. तसेच हवेत वेगाने फिरणारे चाक अचानक जमिनीला टेकले की धक्क्याचा भार वरील आकड्यांच्या कितीतरी पुढे जातो. बहुतेक शाफ्ट अशाच क्षणी तुटतात. लॉकर नसलेल्या साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही शाफ्टना जवळजवळ सारखे पीळबल मिळते आणि त्याची मर्यादा कमी पकड असलेले चाक ठरवते. लॉकरने दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले की मागील ॲक्सलचे जवळजवळ सर्व पीळबल एकाच शाफ्टवर येऊ शकते. म्हणून केवळ लॉकर बसवून शाफ्ट जुनेच ठेवणे हा अपुरा बदल मानला जातो.

शाफ्ट आणि त्याचा आधार

भरीव गोल शाफ्टची पीळ सहन करण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास ३० मिलिमीटरवरून ३८ मिलिमीटर केला, म्हणजे सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढवला, तर त्याच धातूच्या शाफ्टची क्षमता दुप्पट होते. स्प्लाइनची संख्या महत्त्वाची समजली जाते ती मुख्यतः व्यासाची निदर्शक म्हणून. उष्णतासंस्कारित मिश्रधातूचे शाफ्ट वापरल्यास त्याच व्यासात अधिक बळकटी मिळते.

शाफ्ट तुटल्यावर काय होते, हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. सेमी-फ्लोटिंग प्रकारात शाफ्ट पीळही सहन करतो आणि वाहनाचे वजनही पेलतो. चाक त्याच्याच टोकाला बसवलेले असते. यातील काही रचनांत शाफ्टचे आतले टोक डिफरन्शियलमध्ये एका इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या क्लिपने अडकवलेले असते. असा शाफ्ट मध्येच तुटला तर त्याला धरून ठेवणारे काहीच उरत नाही, आणि बाहेरचा तुकडा चाकासह हाउसिंगमधून निसटू शकतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर त्याला काही अंशी अडवतो, पण तो त्या कामासाठी बनवलेला नाही. सी-क्लिपऐवजी बाहेरच्या टोकाला बेअरिंग आणि बोल्टने आवळलेली पट्टी असेल, तर शाफ्ट तुटूनही चाक सहसा जागेवर राहते.

फुल-फ्लोटिंग प्रकारात चाकाचा हब हाउसिंगच्या टोकावरील स्पिंडलवर दोन बेअरिंगांनी फिरतो. वजन हाउसिंग पेलते आणि शाफ्टकडे फक्त पीळ देण्याचे काम उरते. तुटलेला शाफ्ट चाक न काढता बाहेर ओढता येतो आणि वाहन पुढच्या चाकांच्या बळावर घरी आणता येते. मालवाहू ट्रकमध्ये हीच रचना असते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपचा मागील ॲक्सलही फुल-फ्लोटिंग होता; नंतरच्या नागरी जीपमध्ये सेमी-फ्लोटिंग रचना आली.

क्राउन, पिनियन आणि हाउसिंग

ॲक्सल बहुधा क्राउन व्हीलच्या व्यासावरून ओळखला जातो, पण केवळ त्या आकड्यावर विसंबणे फसवे ठरते. १९७६ ते १९८६ या काळातील जीप सीजेमध्ये वापरलेल्या एएमसी २० या ॲक्सलचे क्राउन व्हील ८.८७५ इंचांचे, म्हणजे डाना ४४ च्या ८.५ इंचांपेक्षा मोठे होते. तरीही त्याची ख्याती चांगली नाही. त्याचा शाफ्ट आणि हब वेगवेगळे असून ते निमुळत्या टोकावर एका चावीने जोडलेले होते. ती चावी कापली जाण्याच्या आणि हब सैल होण्याच्या तक्रारी नेहमीच्या झाल्या. पुढे अनेकांनी त्यात एकसंध शाफ्ट बसवून हा दोष दूर केला.

गुणोत्तर बदलल्याचाही बळकटीवर परिणाम होतो. ३.७३ गुणोत्तर ४१ आणि ११ दातांच्या जोडीतून मिळते, तर ४.५६ साठी ४१ आणि ९ दातांची जोडी लागते. दात कमी झाले की पिनियन बारीक होतो. टायर ३१ वरून ३७ इंचांवर नेल्यास पूर्वीइतका जोर टिकवण्यासाठी ३.७३ चे गुणोत्तर सुमारे ४.४५ करावे लागते, म्हणजे व्यवहारात ४.५६ निवडले जाते. मोठ्या टायरचा ताण अशा रीतीने नेमक्या बारीक झालेल्या पिनियनवर येतो. डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून पुढे दुसरा कॅरिअर लागत असल्याने, लॉकर खरेदी करण्यापूर्वी गुणोत्तर ठरवणे सोयीचे असते.

हाउसिंगचे दोन मुख्य प्रकार आहेत. डाना ॲक्सलमध्ये ओतीव मध्यभागात पोलादी नळ्या दाबून बसवलेल्या असतात आणि मागचे झाकण काढून आतील काम करावे लागते. फोर्ड ९ इंच या ॲक्सलमध्ये क्राउन-पिनियनचा संपूर्ण गठ्ठा पुढच्या बाजूने बोल्ट काढून बाहेर येतो, त्यामुळे सुटा गठ्ठा सोबत नेऊन वाटेतच बदलणे शक्य होते. या ॲक्सलचा पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या बराच खाली असतो आणि त्याच्या आतल्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो. दातांचा स्पर्श वाढल्याने तो दणकट ठरतो. मात्र दात एकमेकांवर अधिक घासल्याने थोडी शक्ती उष्णतेत जाते, आणि खाली आलेला प्रोपेलर शाफ्ट खडकांना लवकर लागतो.

प्रचलित पर्याय

जीप रँग्लरच्या १९९७ ते २००६ या पिढीत अनेक गाड्यांना डाना ३५ हा सुमारे ७.६ इंची क्राउनचा हलका ॲक्सल येत असे. रस्त्यावरील वापराला तो पुरतो, पण ३३ इंचांपुढील टायर आणि लॉकर यांच्यासोबत त्याच्यावर खर्च करणे बहुतेक जाणकार टाळतात. २००३ साली आलेल्या रुबिकॉन आवृत्तीत कंपनीनेच दोन्ही बाजूंना डाना ४४ आणि लॉकर दिले.

स्वस्त पर्याय म्हणून फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची ॲक्सल लोकप्रिय झाला. १९९५ नंतरच्या गाड्यांत त्याला डिस्क ब्रेक आहेत, शाफ्ट ३१ स्प्लाइनचे आहेत, चाकांच्या बोल्टची मांडणी रँग्लरशी जुळते आणि रुंदीत फरक एका इंचाच्या आसपासच पडतो. त्याचे दोष म्हणजे सी-क्लिप आणि जोराच्या धक्क्याने मध्यभागात फिरू शकणाऱ्या नळ्या. त्यासाठी नळ्या ओतीव मध्यभागाला वेल्ड केल्या जातात. ओतीव लोखंड तडकू नये म्हणून ते आधी तापवून निकेलयुक्त रॉड वापरण्याची प्रथा आहे.

३७ इंच आणि त्यापुढील टायरसाठी ९.७५ इंची डाना ६० किंवा जनरल मोटर्सच्या मोठ्या ट्रकमधील १०.५ इंची ‘१४ बोल्ट’ फुल-फ्लोटिंग ॲक्सल निवडतात. हे जवळजवळ न तुटणारे असले तरी अवजड आहेत आणि त्यांचा मधला गोळा खूप खाली येतो. सस्पेन्शन उंच केल्याने अखंड ॲक्सलखालची मोकळी जागा वाढत नाही, ती फक्त टायरने वाढते. ३१ वरून ३७ इंचांवर गेल्यास ७६ मिलिमीटर मिळतात, आणि मोठ्या क्राउनचे हाउसिंग त्यातला काही भाग परत घेते. म्हणूनच अनेकजण १४ बोल्टच्या हाउसिंगचा तळ कापून वेल्ड करतात. ३३ इंची टायरच्या हलक्या जीपला असा ॲक्सल बसवणे अनाठायी ठरते.

बसवणी

ॲक्सलची रुंदी, स्प्रिंगच्या बैठका आणि पिनियनचा कोन हे वाहनाशी जुळवावे लागतात. डिफरन्शियलची आडवी जागा ट्रान्स्फर केसच्या आउटपुटशी मेळ खाणारी हवी. जुन्या विलीज जीपमध्ये हे आउटपुट उजवीकडे असल्याने मागील डिफरन्शियलही उजवीकडे असते. मध्यभागी डिफरन्शियल असलेला ॲक्सल तेथे तसाच बसत नाही. क्राउन आणि पिनियन यांच्यातील मोकळीक सहसा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात आणि दातांवर रंग लावून स्पर्शाचा ठसा तपासतात. हे काम बिघडले तर दणकट ॲक्सलही थोड्याच अंतरात आवाज करू लागतो. हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पुढे-मागे समतोल आणि स्पीडोमीटरचे वाचन यांची जुळणी शेवटी करावी लागते.

भारतात

भारतात विलीज जीपची जुळणी १९४७ पासून महिंद्राने मुंबईत सुरू केली, आणि अखंड मागील ॲक्सलची परंपरा पुढे थारमध्येही टिकून आहे. मात्र येथे ॲक्सल बदलण्याचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून नोंदणीतील माहिती वेगळी पडेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे बंधन अधोरेखित केले. त्यामुळे असे बदल केलेली वाहने स्पर्धेच्या किंवा खाजगी जागेच्या मार्गावर ट्रेलरवरून नेली जातात.