खेळाचा धंदा आणि घराचा हप्ता

'मुलगा दिवसभर खेळतो' ही आईबापांची तक्रार जुनीच आहे. परंतु 'मुलगा खेळून मिळवितो, आणि आतां नोकरी सोडूं म्हणतो' ही तक्रार नवी आहे. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांतील एखाद्या दोन शयनगृहांच्या सदनिकेंत अशी चर्चा चालली आहे असें समजा. घराचा हप्ता महिन्याच्या पांच तारखेस ठरलेला. गेमचें उत्पन्न मात्र ठरलेलें नाहीं. या दोहोंचा मेळ कसा बसतो, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. स्वतः गेम तयार करून विकणें हा एक धंदा, आणि दुसऱ्यानें तयार केलेला गेम खेळून लोकांना दाखविणें, म्हणजे स्ट्रीमिंग, हा दुसरा. पहिला ग्रंथकाराचा आहे, दुसरा कीर्तनकाराचा. ग्रंथकाराला पुस्तक निघेपर्यंत कांहींच मिळत नाहीं. कीर्तनकाराला रोज उभें राहावें लागतें, आणि आरतीच्या तबकांत काय पडेल हें अगोदर कळत नाहीं.

पहिल्या धंद्याचा हिशेब मांडूं. संगणकावरील गेमांचें सर्वांत मोठें दुकान म्हणजे स्टीम. तेथें माल मांडण्यासाठीं प्रत्येक गेममागें १०० डॉलर भरावे लागतात. विक्री १,००० डॉलरवर गेली म्हणजे ते परत मिळतात. हें कांहीं फार नव्हे. खरी गोष्ट पुढें आहे. विक्रीवर दुकानाची अडत ३० टक्के. ५०० रुपयांच्या गेमांत १८ टक्के कर धरला, तर कर वजा जातां सुमारें ४२४ रुपये उरतात, आणि अडत कापून २९७. आतां समजा, तीन मित्रांनीं दोन वर्षें काम केलें आणि प्रत्येकानें महिन्याला अवघे ३० हजार रुपये खर्चास घेतले, तर २१ लाख ६० हजार रुपये झाले. एवढे भरून येण्यास पूर्ण किंमतीच्या सुमारें ७,३०० प्रती खपल्या पाहिजेत. परंतु या बाजारांत गिऱ्हाईक सवलतीच्या सेलची वाट पाहत असतें. निम्म्या प्रती निम्म्या किंमतीस गेल्या, तर आंकडा ९,७०० वर जातो. शिवाय घेतलेला गेम दोन तासांहून कमी खेळला असेल, तर चौदा दिवसांच्या आंत परत करण्याची सोय आहे. दीड तासांत संपणारा सुबक गेम रचणाऱ्यानें या नियमाचा विचार आधींच केलेला बरा!

याचें प्रत्यक्ष उदाहरण आपल्या पुण्यांत आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें 'राजी' नांवाचा गेम केला. धाकट्या भावाला शोधीत निघालेली एक मुलगी, आणि तिच्या पाठीशीं दुर्गा व विष्णु, अशी त्याची कथा. २०१७ सालीं त्यांनीं किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ठरविलेली रक्कम जमली नाहीं. संस्थापकांपैकीं एकाची सदनिका विकून काम चालू ठेवावें लागलें. २०२० च्या ऑगस्टमध्यें गेम प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर आला, आणि त्याच वर्षीं 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पहिल्या पदार्पणाच्या गेमांच्या पांच नामांकनांत त्याला स्थान मिळालें. लोक नामांकनाची बातमी लक्षांत ठेवतात. ज्या घरांत हप्ता चालू आहे, त्यांनीं सदनिकेची बातमी लक्षांत ठेवावी असें मला वाटतें.

आतां स्ट्रीमिंगकडे वळूं. यूट्यूबवर जाहिरातींचा वांटा मिळण्यास १,००० वर्गणीदार, आणि बारा महिन्यांत प्रेक्षकांनीं पाहिलेले ४,००० तास लागतात. (लहान चित्रफितींसाठीं निराळी अट आहे.) रोज रात्रीं तीन तास खेळलें आणि सरासरी दहा माणसें पाहत राहिलीं, तर एका रात्रींत तीस तास जमतात, म्हणजे सुमारें १३३ रात्री झाल्या. त्यानंतर जाहिरातीच्या उत्पन्नाचा ५५ टक्के वांटा, आणि प्रेक्षकांनीं सुपर चॅटमधून दिलेल्या पैशाचा ७० टक्के वांटा चॅनेलवाल्याचा. हेंच तें आरतीचें तबक. खात्यांत १०० डॉलर जमल्याखेरीज रक्कम हातीं येत नाहीं, आणि येते ती पुढच्या महिन्याच्या २१ तारखेनंतर. पांच तारखेच्या हप्त्याला ती उपयोगी पडावी, तर एक महिन्याची शिल्लक गांठीं हवी.

यशस्वी माणसें आहेत, हें नाकारण्याचें कारण नाहीं. एप्रिल २०२४ मध्यें पंतप्रधानांनीं ज्या गेमिंगवाल्या तरुणांना भेटीस बोलाविलें, त्यांत मुंबईचे नमन माथुर होते, आणि 'मिथपॅट' या नांवानें घरोघरीं ठाऊक असलेले मिथिलेश पाटणकरहि होते. परंतु या क्षेत्रांतील मोठा धोका गुणांच्या अभावाचा नाहीं; अंगण परक्याचें असण्याचा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें पबजी मोबाईलवर बंदी घातली. त्याच खेळाचा भारतीय अवतार, बीजीएमआय, जुलै २०२१ मध्यें आला. जुलै २०२२ अखेर तोहि दुकानांतून नाहींसा झाला, आणि मे २०२३ मध्यें परतला. ज्याचा सारा संसार त्या एका खेळावर होता, त्यानें ते दहा महिने कसे काढले असतील? पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ त्यानें निषिद्ध ठरविले, आणि त्यांच्या जाहिरातीहि. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. म्हणजे कसबी खेळाडूची बाजू बळकट झाली. परंतु अशा कंपन्यांच्या पुरस्कारावर जीं चॅनेलें चालत होतीं, त्यांचा तो झरा आटला.

कराविषयीं थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील प्रेक्षकांपासून आलेल्या भागावर यूट्यूब तेथील कर कापतें. आपलें निवेदन भरलें असल्यास तो १५ टक्के असतो. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली म्हणजे जीएसटीची नोंदणी करावी लागते. आणि विवरणपत्र उत्पन्न अल्प असलें तरी दर वर्षीं भरावें. कारण स्वतंत्र धंदेवाल्याला कर्ज देतांना बँक दोन-तीन वर्षांचीं विवरणपत्रें मागते, आणि प्रेक्षकांची संख्या तेथें कोणी विचारीत नाहीं.

घोडबंदरच्या घरांत या धंद्याची एक सोय मात्र खरी आहे. अंधेरीच्या कचेरीपर्यंत रोज जाण्यायेण्यांत जे तास जातात, ते वाचतात. पण स्ट्रीमची वेळ रात्रीं नऊ ते बारा, आणि तीच आजोबांच्या झोंपेची. भिंती पातळ असतात. तेव्हां दार बंद करून, पंखा थांबवून, मुलगा मायक्रोफोनशीं बोलत बसतो.

याच धंद्याच्या आसऱ्यानें दुसरेहि लोक पोट भरतात. कोणी चित्रफिती कापून जोडतो, कोणी मुखचित्र काढतो, कोणी परदेशी कंपनीच्या गेममधील झाडें-दगड-घरें रंगवून देतो. त्यांचें नांव पडद्यावर क्वचितच येतें. परंतु त्यांना दर नगामागें ठरलेला मोबदला मिळतो, आणि स्वतःचा गेम रचणारे कित्येक तरुण दिवसा हेंच काम करून रात्रीं आपलें काम करतात.