द्राक्षमळ्यापासून वेदीपर्यंत : सायप्रसच्या डोंगरी गावांतील एक दिवस

पवित्र भूमी, ग्रीस किंवा तुर्कस्तान येथे जाणाऱ्या तीर्थयात्रांच्या कार्यक्रमपत्रिकेत कधीकधी सायप्रस बेटाचाही समावेश असतो. त्यात 'डोंगरी गावे व वाइनरी : एक दिवसाची खासगी सहल' अशी एक ओळ आढळते. ती वाचून अनेक भाविकांच्या मनात शंका येते. तीर्थयात्रेत वाइनरी कशासाठी? संत पौल आणि संत बर्णबा यांच्या पाऊलखुणा शोधायला निघालेल्यांनी मद्य बनवण्याच्या जागी का जावे? दारूने ज्यांच्या घरात अश्रू आणले आहेत, त्यांना तर ही ओळ बोचल्याशिवाय राहत नाही.

ही शंका रास्त आहे, असे आम्हांला वाटते. म्हणूनच या सहलीत नेमके काय पाहायचे, कसे पाहायचे आणि कशापासून दूर राहायचे, याचा थोडा विस्ताराने विचार करू.

बर्णबाचे बेट

सायप्रसचे नाव ख्रिस्ती माणसाला नवे नाही. आपली जमीन विकून आलेले पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवणारा लेवी बर्णबा हा मूळचा सायप्रसचाच होता (प्रेषितांची कृत्ये ४). पुढे तो व पौल अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेकडून पाठवले गेले, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम याच बेटावर पाऊल ठेवले. पूर्वेकडील सलमीस येथून पश्चिमेकडील पफोसपर्यंत ते गेले आणि तिथे रोमन प्रांताधिकारी सर्ग्य पौल याने विश्वास ठेवला (प्रेषितांची कृत्ये १३). बेटाचे १९७४ साली विभाजन झाल्यापासून सलमीसचे अवशेष उत्तर भागात, तर पफोस दक्षिण भागात आहे.

आजच्या सायप्रसमधील बहुसंख्य ख्रिस्ती ऑर्थोडॉक्स आहेत. मारोनी आणि लॅटिन कॅथोलिक संख्येने थोडे असून लॅटिन धर्मग्रामे जेरुसलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्कच्या कक्षेत येतात. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जून २०१० मध्ये, तर पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२१ मध्ये या बेटाला भेट दिली. पोप फ्रान्सिस यांनी निकोसिया येथील पवित्र क्रुसाच्या मंदिरात स्थलांतरितांसोबत प्रार्थना केली होती, हे वाचकांना आठवत असेल.

खासगी सहल म्हणजे काय?

बेटाच्या मध्यभागी ट्रोडोस पर्वत आहे. त्याचे सर्वोच्च शिखर ऑलिंपस १९५२ मीटर उंच आहे. दक्षिण उतारावर लिमासोल शहराच्या वरच्या अंगाला द्राक्ष पिकवणारी गावे वसलेली आहेत. गावांतील गल्ल्या दगडी व अरुंद, रस्ते वळणावळणाचे. मोठी बस गावाच्या वेशीवरच थांबते. त्यामुळे सात-आठ जणांचा गट चालकासह एखादे लहान वाहन दिवसभरासाठी ठरवतो. यालाच खासगी सहल म्हणतात. तिचा खरा लाभ आरामापेक्षा सवडीत आहे. कुठे किती वेळ थांबायचे हे गटाच्या हाती राहते. घाईने दहा ठिकाणे 'उरकण्या'पेक्षा तीन-चार ठिकाणी निवांत थांबावे, असे आम्ही सुचवू. दिवसाची सुरुवात शक्य असल्यास लिमासोल येथील संत कॅथरीनच्या कॅथोलिक चर्चमध्ये पवित्र मिस्साने करावी. पुढे दिवसभर जे पाहायचे आहे, त्याचा अर्थ तिथेच उलगडू लागतो.

कोलोसी : आपल्या इतिहासाची दोन पाने

लिमासोलच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कोलोसीचा किल्ला आहे. संत योहानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हॉस्पिटलर सरदारांना ही जागा १२१० साली मिळाली. रुग्ण व यात्रेकरूंच्या सेवेसाठी स्थापन झालेला हा व्रतस्थ संघ आज माल्टा संघ म्हणून ओळखला जातो. सध्या उभा असलेला चौकोनी बुरूज १४५४ सालचा आहे. सरदारांच्या या ठाण्याला 'कमांडरी' म्हणत. त्यांच्या जमिनीतून येणाऱ्या गोड वाइनला त्यावरूनच 'कमांडारिया' हे नाव पडले.

हे झाले अभिमानाचे पान. परंतु त्याच्या मागे दुसरेही पान आहे. ११९१ साली इंग्लंडचा राजा रिचर्ड याने हे बेट जिंकले आणि त्यानंतर जवळपास चार शतके तिथे लॅटिन सत्ता राहिली. द्राक्षमळ्यांत राबणारे शेतकरी मात्र बहुतांशी ग्रीक ऑर्थोडॉक्स होते. १२३१ साली कांतारा मठाच्या तेरा ऑर्थोडॉक्स मठवाशांना लॅटिन सत्तेने मृत्युदंड दिला. ख्रिस्तयागासाठी बेखमीर भाकर वापरावी की खमीर घातलेली, हा त्या वादाचा विषय होता. १२६० साली ऑर्थोडॉक्स बिशपांना लॅटिन बिशपांच्या अधिकाराखाली आणले गेले. ऐक्याचा संस्कारच वैराचे कारण ठरावा, याहून दुःखद काय असेल? पोप दुसरे जॉन पॉल यांनी मे २००१ मध्ये अथेन्स येथे, ऑर्थोडॉक्स बंधुभगिनींविरुद्ध कॅथोलिकांनी केलेल्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. या डोंगरी गावांत पाऊल ठेवणाऱ्या कॅथोलिक यात्रेकरूने ही गोष्ट मनात ठेवावी आणि नम्रतेने पुढे जावे.

ओमोडोस : द्राक्षकुंड आणि क्रूस

कोलोसीहून वर चढत गेल्यावर सुमारे ८०० मीटर उंचीवर ओमोडोस हे गाव लागते. गावाच्या चौकातच पवित्र क्रुसाचा मठ आहे. प्रभू येशूला बांधलेल्या दोराचा एक अंश सम्राज्ञी संत हेलेना हिने इथे ठेवला, अशी तिथली परंपरा सांगते. प्रेषित फिलिप याच्या मस्तकाचा अवशेषही येथे जतन केला असल्याचे भाविक मानतात.

मठापासून जवळच एक जुने द्राक्षकुंड आहे. बायबलमध्ये 'द्राक्षकुंड' हा शब्द आपण अनेकदा वाचतो. पण ते कसे असते हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेले असते. दगडी चौथऱ्यावर द्राक्षे टाकायची, लाकडाच्या जड तुळईने ती दाबायची आणि खालच्या कुंडात रस साठवायचा, अशी ही साधी रचना आहे. ती पाहिल्यावर यशया संदेष्ट्याचे द्राक्षमळ्याचे गीत (यशया ५) आणि प्रभूचा दुष्ट माळ्यांचा दाखला (मत्तय २१) डोळ्यांसमोर उभे राहतात. मळा लावणारा कुंपण घालतो, कुंड खणतो आणि मग फळाची वाट पाहतो. ते कुंड म्हणजे त्याची आशा असते.

कालोपानायोतिस : एका छपराखाली

ओमोडोसहून डोंगर ओलांडून उत्तरेकडील मराथासा खोऱ्यात उतरले की कालोपानायोतिस हे गाव येते. ट्रोडोसच्या परिसरातील भित्तिचित्रांनी नटलेल्या चर्चेसना युनेस्कोने १९८५ साली जागतिक वारशात स्थान दिले. आज या यादीत दहा चर्चेस आहेत. बर्फापासून रक्षण व्हावे म्हणून त्यांच्यावर उतरते लाकडी छप्पर असते. बाहेरून एखादे गोदाम वाटावे अशी ही वास्तू, आत शिरताच प्रभूच्या जीवनातील प्रसंगांनी भरून गेलेली दिसते.

कालोपानायोतिस येथील संत योहान लांपादिस्तीस याच्या मठात एकाच मोठ्या छपराखाली ऑर्थोडॉक्स चर्च आणि त्यांना लागून असलेले 'लॅटिन चॅपेल' आहे. चॅपेलमधील चित्रे इसवी सन १५०० च्या आसपासची असून त्यांवर इटालियन शैलीची छाप आहे. कोलोसीत आपण दुराव्याचा इतिहास पाहिला. इथे तेच दोन समाज भिंतीला भिंत लावून प्रार्थना करू पाहत होते, याची खूण सापडते.

अशा चर्चमध्ये वागण्याचे काही नियम पाळायला हवेत. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. परवानगीशिवाय छायाचित्रे काढू नयेत. प्रतिमांच्या पडद्यामागे, म्हणजे वेदीच्या भागात, जाऊ नये. तिथे उपासना चालू असल्यास आदराने उभे राहावे. मात्र ख्रिस्तप्रसादासाठी पुढे जाऊ नये, कारण ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा तो आपल्या सभासदांनाच देते. उपासनेच्या शेवटी आशीर्वादित भाकरीचे तुकडे वाटले जातात. ते ख्रिस्तशरीर नव्हे. कोणी आपुलकीने दिल्यास कृतज्ञतेने घ्यावेत.

वाइनरीत काय पाहावे?

परतीच्या वाटेवर कमांडारिया बनवणारी गावे लागतात. ठरवून दिलेल्या चौदा गावांतील द्राक्षांपासूनच ही वाइन बनवता येते. युरोपीय कायद्याने तिच्या नावाला तसे संरक्षण आहे. मावरो ही काळी आणि क्सिनिस्तेरी ही पांढरी, अशा दोन स्थानिक जातींची द्राक्षे त्यासाठी वापरतात. नाशिककडे आपण मांडवावर चढवलेल्या वेली आणि ठिबकाच्या नळ्या पाहतो. इथे वेल झुडपासारखी बुटकी राखतात आणि तिला पाणी देत नाहीत. डोंगराच्या पोटातला ओलावा तिनेच शोधायचा. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. सायप्रसला तिची बाधा झाली नाही, म्हणून येथील वेली आजही आपल्याच मुळांवर उभ्या आहेत.

पूर्ण पिकलेली द्राक्षे तोडून आठवडा-दहा दिवस उन्हात पसरतात. ती सुरकुततात आणि त्यांतील गोडी घट्ट होते. मग रस काढून आंबवतात आणि निदान दोन वर्षे ओकच्या लाकडी पिंपांत मुरवतात. ख्रिस्तयागातील वाइनला ग्रीक भाषेत 'नामा' म्हणतात. या गोड तांबड्या वाइनचे वेदीशी नाते फार जुने आहे.

अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसाला वेलीचे फळ आणि मानवी हातांचे काम म्हणतात. ते हात कोणाचे, हे आपण क्वचितच विचारतो. वाइनरीत त्याचे उत्तर मिळते. ते हात उतारावर दगडी बांध रचणारे आहेत. चुन्या-मातीशिवाय दगड रचण्याच्या या कलेला युनेस्कोने २०१८ साली मान्यता दिली, त्यात सायप्रसही आहे. पण ते हात आता म्हातारे झाले आहेत. तरुण पिढी शहरांत आणि परदेशी गेली. अनेक घरांना कुलपे लागली. जुलै २०२५ मध्ये याच लिमासोल जिल्ह्याच्या डोंगरी भागात भीषण वणवा पेटला. सूनी, लोफू, वूनी आदी गावांना त्याची झळ बसली, शंभर चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र होरपळले आणि दोघांचा मृत्यू झाला. द्राक्षवेल लावल्यावर फळासाठी काही वर्षे थांबावे लागते. सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याने जळालेल्या जागी पुन्हा वेल लावायची, तर ती कोणासाठी? हा प्रश्न घेऊन जो वाइनरीत जाईल, तो केवळ चव घेऊन परतणार नाही.

पेला आणि संयम

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. पवित्र शास्त्र द्राक्षारसाला देवाचे दान मानते आणि मद्यधुंदपणाला पाप मानते. काना गावी प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. संत पौलाने इफिसकरांना मद्याने मस्त होण्यापासून सावध केले. या दोन्ही गोष्टी आपल्याला एकत्रच धराव्या लागतात. म्हणून चव घेणाऱ्याने घोटभर घ्यावी. चालकाने मुळीच घेऊ नये. ज्याला व्यसनातून मुक्ती मिळाली आहे, त्याने संकोच न बाळगता नकार द्यावा आणि सोबत्यांनी आग्रह करू नये. 'एका घोटाने काय होते?' या प्रश्नाने आपल्याकडे किती संसार मोडले, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

या बाबतीत ख्रिस्तसभा आपल्या धर्मगुरूंचीही काळजी घेते. व्यसनाच्या आजारामुळे वा अन्य कारणाने ज्याला वाइन वर्ज्य आहे, असा धर्मगुरू बिशपांच्या परवानगीने 'मस्ट' म्हणजे न आंबलेला, शुद्ध द्राक्षांचा रस वापरू शकतो. भाविकांनी हेही लक्षात ठेवावे की केवळ भाकरीच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यालाही संपूर्ण ख्रिस्त लाभतो.

आणखी एक सूचना. परतताना एखादी बाटली आपल्या धर्मग्रामाच्या वेदीसाठी आणावी, असे कोणाला वाटेल. भावना चांगली आहे. पण धर्मगुरूंना विचारल्याशिवाय तसे करू नये. मिस्साची वाइन द्राक्षांचीच, नैसर्गिक, शुद्ध व न नासलेली असावी, असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे (कलम ९२४). तिच्या दर्जावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी बिशपांची असल्याचे रोमने २०१७ सालच्या परिपत्रकात पुन्हा स्पष्ट केले. बाटली घ्यायचीच असेल, तर गावातल्या शेतकऱ्याकडून घ्यावी, म्हणजे पैसा त्या डोंगरावरच राहील.

योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १५) प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो आणि आपल्याला फांद्या. ओमोडोसच्या उतारावर पाण्याविना तगलेली बुटकी वेल ज्याने पाहिली, त्याला फांदीने वेलीत राहणे म्हणजे काय, हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही. आणि ज्यांना सायप्रसला जाणे कधीच शक्य होणार नाही, त्यांच्यासाठीही वाट खुली आहे. येत्या रविवारी धर्मगुरू प्याला उंचावतील, तेव्हा त्या अज्ञात हातांसाठी, वणव्यात सर्वस्व गमावलेल्यांसाठी आणि आपल्याच शेजारी व्यसनाशी झुंजणाऱ्या कुटुंबासाठी एक क्षण प्रार्थना करू या.